मद्रास ते कोलंबो : एका तिकिटाची गोष्ट

ज्या शोळिंगनल्लूरमधून मी आपणांस हे लिहीत आहे, तेथे आगगाडीची शिटी ऐकू येत नाही. चेन्नईच्या दक्षिणेस, महाबलिपुरमच्या जुन्या रस्त्यावर हे गाव आहे. आता त्याला गाव म्हणणेही धाडसाचे. कारण संगणकाच्या कामाच्या काचेच्या इमारतींनी ते पुरते वेढले आहे आणि पुण्या-नागपूरची कितीतरी मराठी मुले येथे नोकरीनिमित्त राहात आहेत. मेट्रोचे काम चालू आहे, ती यथावकाश येईल. पण गावाच्या पूर्वेस एक जुनी वाट अजून पडून आहे. ती म्हणजे बकिंगहॅम कालवा. एके काळी मीठ आणि सरपण भरलेल्या होड्या या कालव्यातून मद्रासला जात. वादळांनी त्याची दुर्दशा केली. आज त्यात जलपर्णी आणि सांडपाणी यांखेरीज फारसे काही दिसत नाही. वाटा कशा मरतात, हे या कालव्याच्या काठी उभे राहिले की समजते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध बाई राहतात. सारे त्यांना पाट्टी म्हणतात. पाट्टी म्हणजे आजी. परवा मी त्यांना सहज सांगितले, की सुट्टीत आई-वडिलांना रामेश्वरला नेणार आहे. पाट्टींनी विचारले, “कोणत्या गाडीने?” मी म्हटले, “बोट मेलने.” त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तंबी, त्या गाडीला बोट मेल का म्हणतात ते ठाऊक आहे का तुला?”

मला अर्धेमुर्धे ठाऊक होते. उरलेले मी वाचून काढले आणि त्याहून मोलाचे असे काही पाट्टींकडून ऐकले. ते सारे आज आपणांस सांगावे, असे मनात आहे.

बोट मेल म्हणजे बोटीला जोडणारी डाकगाडी. रामेश्वरच्या गाडीचे हे नाव आजही टिकून आहे. बोट मात्र नाही. साठ वर्षांपूर्वीपर्यंत मद्रासच्या एग्मोर स्थानकावर थेट कोलंबोचे तिकीट मिळे. उतारू संध्याकाळी गाडीत बसे. दुसऱ्या दिवशी गाडी पांबनचा पूल ओलांडून रामेश्वरच्या बेटावर येई आणि बेटाच्या अगदी टोकाला, धनुष्कोडीच्या धक्क्यावर थांबे. तेथे आगबोट उभी असे. सुमारे वीस मैलांचा समुद्र दोन-तीन तासांत ओलांडला, की पलीकडे लंकेचे तलैमन्नार. त्याही धक्क्यावर गाडी तयारच असे. रात्रभर प्रवास करून ती तिसऱ्या दिवशी सकाळी कोलंबोच्या फोर्ट स्थानकात पोचे. दोन देश, दोन रेल्वे आणि मध्ये समुद्र. तरी तिकीट एकच!

ही सोय १९१४ साली सुरू झाली. त्यापूर्वी उतारूंना तुतिकोरीनपर्यंत गाडीने जाऊन तेथून आगबोटीने रात्रभर समुद्रप्रवास करावा लागे. तो समुद्र रुंद आणि खवळणारा. म्हणून दक्षिण हिंदुस्थान रेल्वेने जवळचा मार्ग शोधला. मुख्य भूमी आणि रामेश्वरचे बेट यांमधील खाडीवर दोन किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा पूल बांधला आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजी तो खुला झाला. जहाजे जाण्यासाठी या पुलाचा मधला भाग दोन पंखांप्रमाणे वर उचलला जाई. शेर्झर नावाच्या अमेरिकन अभियंत्याच्या रचनेवर तो बेतलेला होता आणि मजूर हाताने दांडे फिरवून तो उघडीत. कर्झन, एल्गिन आणि हार्डिंज या व्हाइसरॉयांची नावे दिलेल्या तीन आगबोटी धनुष्कोडी ते तलैमन्नार अशी ये-जा करू लागल्या.

आपणांपैकी चौकस वाचक विचारील, की एवढा पूल बांधला, तर पुढे सेतूवरूनच रूळ का नेले नाहीत? तसा विचार झाला होता, पण तो कागदावरच राहिला. आणि रूळ नेले असते, तरी एक अडचण होतीच. आपल्या बाजूचा मार्ग मीटरगेज होता आणि लंकेतील मार्ग ब्रॉडगेज. इकडचे डबे तिकडच्या रुळांवर चाललेच नसते. गंमत पाहा, की पांबनचा मार्ग २००७ साली ब्रॉडगेज झाला. आज दोन्ही काठांवरच्या रुळांची रुंदी एक आहे. मधली बोट मात्र नाही.

आम्हां मराठी माणसांना ही वाट परकी नाही. काशी-रामेश्वर हा शब्द आपण एका दमात उच्चारतो. काशीची गंगा रामेश्वराला घालावी आणि सेतूची वाळू गंगेत सोडावी, तेव्हा यात्रा पुरी होते, असे आपले वाडवडील मानीत. आगगाडी येण्यापूर्वी ही वाट पायी तुडवावी लागे. त्या वाटेवर तंजावरच्या मराठी राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रे उभारली होती. सरफोजीराजांच्या काळातील ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच एक. तेथे थकल्याभागल्या वाटसरूला अन्न आणि निवारा मिळे. पुढे आगगाडी आली आणि महिन्यांची वाट दिवसांवर आली.

परंतु या वाटेने केवळ यात्रेकरू आणि साहेबलोक गेले, असे समजू नका. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून हजारो गरीब तमिळ कुटुंबे लंकेतील चहा-रबराच्या मळ्यांवर मजुरीसाठी गेली. त्यांना मंडपम येथील छावणीत काही दिवस अडकवून ठेवीत. रोगराई नाही अशी खात्री पटली, म्हणजे मग पुढे सोडीत. लंकेचा जो चहा साऱ्या जगाने प्यायला, तो या माणसांच्या हातांनी खुडलेला होता. पाट्टींचे पणजोबा याच वाटेने गेले. पाट्टींचा जन्म हॅटनजवळच्या एका मळ्यावरचा.

१९४८ साली लंका स्वतंत्र झाली आणि नागरिकत्वाच्या नव्या कायद्याने मळ्यांवरील बहुसंख्य तमिळ मजूर कोणत्याच देशाचे नागरिक राहिले नाहीत. ज्या मातीत तीन पिढ्या राबल्या, ती त्यांना आपले म्हणेना. आणि ज्या मातीतून ते आले, ती त्यांना ओळखीना. या माणसांचे करायचे काय, हे ठरविण्यासाठी ३० ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो भंडारनायके यांच्यामध्ये करार झाला. त्यात माणसांची वाटणी आकड्यांनी झाली. सव्वापाच लक्ष माणसे भारताने घ्यायची, तीन लक्ष लंकेने. राहिलेल्या दीड लक्षांचा निर्णय पुढे करायचा. तो १९७४ मध्ये झाला आणि दोन्ही देशांनी निम्मी निम्मी वाटून घेतली.

करार होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री भयंकर चक्रीवादळ आले. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली उतारूगाडी धनुष्कोडी जवळ आली असताना समुद्राची प्रचंड लाट तिच्यावर कोसळली. गाडीत शंभराहून अधिक माणसे होती. त्यांतील एकही वाचला नाही. धनुष्कोडीचे स्थानक, टपालकचेरी, देऊळ, चर्च, घरे सारे काही एका रात्रीत उद्ध्वस्त झाले. ते गाव राहण्यास अयोग्य म्हणून सरकारने जाहीर केले. तेथील रूळ पुन्हा कधी घातले गेले नाहीत.

पांबनच्या पुलाचेही बहुतेक गाळे वाहून गेले. उचलता येणारा मधला भाग तेवढा उभा राहिला. पूल सहा महिन्यांत दुरुस्त करावा, असे प्रथम ठरले होते; ती मुदत पुढे तीन महिन्यांवर आणण्यात आली. हे काम एका तरुण अभियंत्याकडे आले. त्याने समुद्रात पडलेले गर्डर शोधून वर काढविले, ते पुन्हा जागेवर बसविले आणि ४६ दिवसांत पूल वाहतुकीस खुला केला. त्या अभियंत्याचे नाव ई. श्रीधरन. आपली कोकण रेल्वे ज्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, तेच हे श्रीधरन. रत्नागिरीच्या डोंगरातून जाताना बोगद्यांचे कौतुक वाटले, तर पांबनचे ते ४६ दिवसही आठवावेत.

धनुष्कोडी गेले, तरी बोट संपली नाही. ती रामेश्वरहून सुटू लागली. करारान्वये भारताच्या वाट्याला आलेली कुटुंबे तिनेच इकडे आली. पाट्टींची कथा येथे सुरू होते.

“मी बारा वर्षांची होते,” पाट्टी सांगत होत्या. “अप्पांनी भारताचा अर्ज भरला. अक्काच्या नवऱ्याने लंकेचा भरला. दोघांनाही वाटले, आपण बरोबर केले.” (अक्का हा शब्द आपल्याकडेही आहे, तमिळमध्येही त्याचा अर्थ थोरली बहीणच.) “हॅटनच्या स्टेशनावर आम्ही कोच्चीत बसलो. कोच्ची म्हणजे आगगाडी. आमच्या मळ्यावर हाच शब्द होता. लोक तिला रडण्याची कोच्ची म्हणत. डब्यातले रडत, फलाटावरचे रडत, गाडी हलली म्हणजे तर कुणाचे कुणाला ऐकू येत नसे. अक्काने माझ्या हातात एक डबा दिला. आत नारळाची बर्फी होती. मी ती तलैमन्नारपर्यंत खाल्ली नाही. बोटीत बसल्यावर खाल्ली.”

“मग अक्का कधी भेटली?” मी विचारले.

“एकदा. पाच वर्षांनी ती बोटीने आली, मुलाला घेऊन. पंधरा दिवस राहिली. जाताना म्हणाली, आता पुढच्या वेळी तू ये. मग लढाई सुरू झाली.”

लंकेतील यादवी १९८३ साली भडकली आणि त्यानंतर बोट बंद पडली. तलैमन्नारचा लोहमार्ग १९९० पर्यंत उखडला गेला. जो समुद्र उतारूंनी तिकीट काढून ओलांडला, तोच आता निर्वासित रात्रीच्या अंधारात मासेमारीच्या होड्यांतून ओलांडू लागले. आणि पूर्वी जेथून मजूर लंकेला जात, त्या मंडपममध्येच त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली. यादवी २००९ साली संपली. भारतीय कंपनीने तलैमन्नारचा मार्ग पुन्हा बांधला आणि १४ मार्च २०१५ रोजी तेथे गाडी पुन्हा धावली. इकडे पांबनचा जुना पूल थकला. डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरील वाहतूक थांबविण्यात आली. शेजारी नवा पूल उभा राहिला आणि ६ एप्रिल २०२५ रोजी तो खुला झाला. त्याचा मधला गाळा सरळ वर उचलला जातो. नागपट्टिनमहून जाफन्याजवळच्या कांकेसंतुरैला २०२३ पासून उतारूंची बोटही सुरू झाली आहे. मात्र धनुष्कोडी-तलैमन्नारची जोडणी तुटली ती तुटलीच.

वाचकहो, सीमा ओलांडणाऱ्या आगगाडीचे आयुष्य असेच नाजूक असते. गोव्याच्या वाचकांना आठवत असेल, की मुरगावहून कॅसलरॉककडे येणारी गाडी १९५५ साली पोर्तुगीज अमदानीत थांबली आणि गोवा मुक्त झाल्यावरच पुन्हा नीट धावली. दिल्ली-लाहोरची समझौता एक्सप्रेस १९७६ ते २०१९ एवढीच चालली, तीही मधूनमधून खंड पडत. उलट बिहारमधील जयनगरहून नेपाळच्या जनकपूरकडे जाणारी गाडी २०२२ मध्ये नव्याने सुरू झाली. वादळाने मोडलेला पूल माणसांनी ४६ दिवसांत सांधला. माणसांनी माणसांत पाडलेले अंतर सांधायला मात्र चाळीस वर्षेही पुरली नाहीत. श्रीधरनांसारखा अभियंता या कामाला कोठून आणावा?

“आता विमान आहे, पाट्टी,” मी म्हटले. “चेन्नईहून दीड तासात कोलंबो.”

पाट्टी हसल्या. “मुलगाही तेच म्हणतो. तिकीटही काढतो म्हणाला होता. पण अक्का गेल्या वर्षी गेली, तंबी. आता तिचा मुलगा फोनवर दिसतो. चेहरा अगदी तिचा आहे. तो मला चित्ती म्हणतो.” चित्ती म्हणजे मावशी.

मग त्या आत गेल्या आणि एक पत्र्याचा चपटा डबा घेऊन आल्या. झाकणावरचा रंग केव्हाच उडाला होता. आत सुईदोरा आणि सुटी बटणे होती. “बर्फी यातच होती,” एवढेच त्या म्हणाल्या.

आपणांपैकी पुष्कळजण केव्हा ना केव्हा रामेश्वरला जाल. गाडी पांबनच्या पुलावर आली, म्हणजे जुन्या पुलाची आठवण अवश्य काढा. देवदर्शन झाल्यावर अर्धा दिवस काढून धनुष्कोडीलाही जा. २०१७ पासून भूमीच्या टोकापर्यंत चांगला रस्ता झाला आहे. वाळूत उभ्या असलेल्या स्थानकाच्या आणि चर्चच्या भिंती मुलांना दाखवा. येथवर आगगाडी येत होती आणि येथून पुढे तेच तिकीट चालत होते, हे त्यांना सांगा. काशीला न्यावयाची सेतूची वाळू तर आपण घ्यालच.

मीही जाणार आहे. पाट्टींनी मला एक काम सांगितले आहे. धनुष्कोडीच्या टोकावर उभे राहून त्यांच्या भाच्याला फोन लावायचा आणि त्याला समुद्र दाखवायचा. तो त्या वेळी तलैमन्नारच्या धक्क्यावर येऊन उभा राहणार आहे.