उंटिणीचे दूध जरूर प्या, पण शुगरची गोळी बंद करू नका

उंटिणीच्या दुधाने शुगर मुळापासून जाते, इन्सुलिन सुटते, असे मेसेज आणि जाहिराती सध्या घरोघरी मोबाईलवर फिरत आहेत. सोबत ‘सुन्नती इलाज’ असा शब्द जोडला की आपली माणसे लगेच विश्वास ठेवतात. कापूरहोळ, भोर, वेल्हे या भागात दूध म्हणजे गाईचे नाहीतर म्हशीचे. उंटिणीचे दूध इथे येते ते बहुतेक पावडरच्या डब्यातून, आणि तेही महाग. म्हणून डबा मागवण्याआधी या दाव्यात किती तथ्य आहे ते पाहायला हवे.

दावा हवेतला नाही. राजस्थानात बिकानेरच्या डॉक्टरांनी यावर अनेक वर्षे काम केले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात टाइप 1 मधुमेहाचे 24 रुग्ण होते. त्यातल्या 12 जणांना नेहमीच्या उपचारासोबत रोज अर्धा लिटर उंटिणीचे दूध दोन वर्षे दिले गेले. त्यांची इन्सुलिनची गरज कमी झाली, तिघांची तर शून्यावर आली. या दुधात इन्सुलिनसारखे प्रथिन असते आणि ते पोटात लवकर फाटत नाही, म्हणून फायदा होत असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

आता जाहिरात काय लपवते ते पाहा. दूध पिणारे रुग्ण फक्त 12 होते. सगळे टाइप 1 चे, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असे. आपल्या घरातल्या अम्मी-अब्बांना, चाचांना असतो तो बहुधा टाइप 2. शिवाय त्या रुग्णांचे इन्सुलिन डॉक्टरांनी तपासण्या करत करत कमी केले होते, कुणी मनाने सोडले नव्हते. टाइप 1 च्या मुलाचे इन्सुलिन अचानक थांबवले तर काही दिवसांत जिवावर बेतू शकते.

राजस्थानातल्या राईका समाजात हे दूध पिणाऱ्यांना मधुमेह आढळला नाही, असेही सांगितले जाते. तसा अभ्यास झाला आहे, पण ही माणसे दिवसभर उंटांमागे चालतात. श्रेय एकट्या दुधाला कसे द्यायचे? दुधातही साखर असतेच. अर्ध्या लिटरमध्ये 20 ग्रॅमच्या आसपास. आणि कच्चे दूध तर नकोच, त्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात. उकळूनच प्या.

खर्चाचेही बघा. 2019 मध्ये अमूलने गुजरातमध्ये हे दूध आणले तेव्हा अर्ध्या लिटरची बाटली 50 रुपयांना होती. त्या भावानेही महिन्याचे 1500 रुपये होतात. उलट सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांची शुगर आणि बीपी मोफत तपासतात. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणे 1954 च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा.

याचा अर्थ हे दूध वाईट असा नाही. कच्छमधले रबारी आणि मुस्लिम फकिराणी जत हे पशुपालक उंटांवरच जगतात. देशातले उंट 2012 मध्ये चार लाख होते, 2019 च्या पशुगणनेत अडीच लाखच उरले. चांगले अन्न म्हणून या दुधाला बाजार मिळाला तर या लोकांचे भलेच होईल. खोट्या दाव्यांनी मात्र दूधही बदनाम होईल.

आजारावर इलाज करून घ्या, ही तर आपल्या दीनचीच शिकवण आहे. शिफा देणारा अल्लाह आहे, पण तपासणी आणि गोळी ही आपली जबाबदारी. दूध परवडत असेल तर डॉक्टरांना सांगून सुरू करा. तीन महिन्यांनी एचबीए1सी तपासा आणि गोळी कमी करायची का, ते त्या रिपोर्टवरून डॉक्टरांनाच ठरवू द्या.