शहरातील नवा शेतकरी बाजार कोणासाठी?

पीक उत्तम आले म्हणजे शेतकऱ्याचे काम संपले, असे समजण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या गावी भाताच्या जोडीला वांगी, भेंडी वा कारली घेणाऱ्या शेतकऱ्याच्या श्रमाचे चीज, माल कोणाच्या हाती व कोणत्या भावाने जातो यावरच अवलंबून असते. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधील एका अभ्यासनिबंधाप्रमाणे ग्राहकाने टोमॅटोसाठी मोजलेल्या रुपयातील सुमारे 33 पैसे, कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातील 36 पैसे व बटाट्यासाठी मोजलेल्या रुपयातील 37 पैसेच उत्पादकाच्या पदरी पडतात.

हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न नवे नाहीत. पंजाबात 1987 साली ‘अपनी मंडी’ व आंध्र प्रदेशात 1999 साली ‘रयतु बाजार’ सुरू झाले. महाराष्ट्रात 2016 साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक मिळाली. त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान हाती घेण्यात आले आणि ऑगस्टमध्ये मुंबईत विधानभवनाच्या आवारात असा बाजार भरला. तत्पूर्वी, 2010 साली, वांद्रे येथे सेंद्रिय मालाचा रविवारचा शेतकरी बाजार सुरू झालेला होता.

असे बाजार ज्या वस्त्यांत भरतात त्या वस्त्यांचे रूप झपाट्याने पालटत आहे. वांद्र्यात जुनी गावठाणे व कोळीवाडा यांच्या शेजारीच धनिकांची घरे आहेत. गिरणगावात 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि त्यांच्या जागी लोअर परळसारख्या भागात उंच इमारती व मोठी दुकाने उभी राहिली. नव्या रहिवाशाचा खिसा भरलेला असतो. चाळीतील जुना रहिवासी मात्र पूर्वीप्रमाणेच मोजून खर्च करतो. साहजिकच नवा बाजार नव्या रहिवाशाकडे झुकतो व त्याचे भाव जुन्यास परवडेनासे होतात.

यावर कोणी म्हणेल की, ज्याच्याजवळ पैसा आहे त्यासच माल विकावा. शहरातील गरिबाची चिंता शेतकऱ्याने का वाहावी? हा युक्तिवाद वरवर व्यवहारी वाटला तरी तो शेतकऱ्याच्याच तोट्याचा आहे. शेत एकसारखा माल देत नाही. समजा, एखाद्या गटाने 500 किलो वांगी नेली. निवडक 200 किलो माल 50 रुपये दराने खपला आणि बाकीचा पडून राहिला, तर हाती 10,000 रुपये येतील. तोच निवडक माल 40 रुपयांनी व उरलेला 300 किलो लहानमोठा, परंतु ताजा माल 25 रुपयांनी खपला, तर 15,500 रुपये मिळतील. गाडीभाडे दोन्ही वेळा तेवढेच. पहिला माल बंगल्यात जाईल, दुसरा चाळीत. पण गाडी रिकामी होऊन परतेल. म्हणून सर्व थरांतील गिऱ्हाईक टिकविणे हे केवळ परोपकाराचे नव्हे, तर शेतकऱ्याच्या हिताचेही काम होय.

मुंबईचे हे उदाहरण एकोडीस दूरचे वाटेल. परंतु साकोलीहून नागपूर महामार्गाने सुमारे 100 किलोमीटर आहे, आणि तेथेही जुन्या वस्त्यांशेजारी नव्या इमारती उठत आहेत. तथापि दोन टोपल्यांसाठी एकट्याने इतका प्रवास करणे कोणासही परवडणार नाही. ऐन रोवणीत तर शेत सोडणेच अशक्य असते. याकरिता गट हवा. गटातील एकाने पाळीपाळीने जावे, माल गावीच निवडून त्याच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींचे भाव फळ्यावर स्वच्छ लिहावेत आणि वजनात तसूभरही खोट ठेवू नये. भाजी नाशवंत आहे. म्हणून तिच्या सोबत न नासणारा मालही न्यावा. भौगोलिक मानांकन लाभलेला भंडाऱ्याचा सुवासिक चिन्नोर तांदूळ यास फार योग्य आहे. त्याचे उत्पन्न कमी येते. चांगला भाव मिळाल्यासच त्याची लागवड टिकेल.

बाजारास जागा देणाऱ्या संस्थांनीही काही पथ्ये पाळावीत. गाळ्यावर उत्पादकच बसेल, व्यापारी नव्हे, याची खातरजमा करावी. जागेचे भाडे माफक असावे आणि बाजाराची वेळ कामावरून परतणाऱ्या श्रमिकासही सोयीची असावी. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी गट बांधण्यास, मालाची प्रतवारी शिकविण्यास व हिशेब लिहिण्यास साह्य करावे.

शहरातील वस्त्या बदलतील, इमारती उंच होतील. पण भाकरी सर्वांनाच लागते. जो बाजार शेजारच्या चाळीला पाठ दाखवितो, तो उद्या शेतकऱ्यालाही पाठ दाखवील, हे शेतकरी बंधूंनी आजच ध्यानी घ्यावे.