एक मुलगा, दोन शाळा

२६ ऑगस्ट १९८५. अमेरिकेतील इंडियाना राज्यात नवे शालेय वर्ष सुरू झाले. कोकोमो गावचा तेरा वर्षांचा रायन व्हाइटही त्या दिवशी सातवीचे पाठ ऐकायला बसला. पण वर्गात नव्हे, घरी, टेलिफोन कानाला लावून. रायनला एड्स झाला होता, आणि शाळेने त्याला वर्गात घेण्याचे नाकारले होते.

विद्यार्थी मित्रहो, रायनला हा रोग झाला कसा, ते आधी पाहू. जन्मापासून त्याला हिमोफिलिया होता. आपल्याला खरचटले की थोड्या वेळात रक्त गोठते आणि वाहणे थांबते. त्यासाठी रक्तातील अनेक प्रथिने एकापाठोपाठ एक कामाला लागतात. रायनच्या रक्तात त्यांपैकी आठव्या क्रमांकाचा घटक जवळजवळ नव्हता. तो बाहेरून टोचून घ्यावा लागे. हे औषध हजारो रक्तदात्यांचे रक्तद्रव एकत्र करून बनवीत. त्या हजारांत एक जरी दाता विषाणूबाधित असला, तरी सारा साठा दूषित होई. एड्सच्या विषाणूचा शोध १९८३ साली लागला आणि रक्त तपासण्याची चाचणी १९८५ च्या मार्चमध्ये वापरात आली. तोवर हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांच्या शरीरात हा विषाणू पोचला होता. डिसेंबर १९८४ मध्ये रायनच्या रोगाचे निदान झाले. डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत सांगितली. मुलगा मात्र म्हणत होता, मला शाळेत जायचे आहे.

शंभराहून अधिक पालकांनी आणि पन्नास शिक्षकांनी त्याला शाळेत घेऊ नये, अशा अर्जावर सह्या केल्या. राज्याच्या आरोग्य खात्याचे म्हणणे होते की, त्याच्यापासून इतर मुलांना धोका नाही. तरी प्रकरण सुनावण्यांत आणि न्यायालयात अडकले. २१ फेब्रुवारी १९८६ रोजी तो एक दिवस शाळेत आला, तेव्हा ३६० पैकी १५१ मुले घरी राहिली. त्याच दिवशी न्यायालयाने त्याच्या येण्याला मनाई केली. अखेर १० एप्रिल रोजी तो परतला.

त्या पालकांना दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांचा प्रश्न आपण नीट ऐकला पाहिजे. ते विचारीत होते, "डॉक्टर शंभर टक्के खात्री देतात का?" आपल्या मुलाच्या काळजीने कोणतीही आई हेच विचारील. आता या प्रश्नाला विज्ञान कसे उत्तर देते, ते पाहा.

"असे कधीच घडणार नाही" अशी शपथ विज्ञान घेत नाही. ते म्हणते, तसे घडत असते तर काय दिसले असते, ते शोधू. समजा, हा रोग शेजारी बसल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने पसरत असता, तर तो सर्वांत आधी कोणाला झाला असता? रुग्णाची आई, भावंडे यांनाच. फेब्रुवारी १९८६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात नेमकी अशीच पाहणी प्रसिद्ध झाली. एड्सच्या रुग्णांबरोबर एका घरात राहणाऱ्या १०१ जणांची तपासणी केली गेली. त्यांनी एकच न्हाणीघर, एकच भांडी वापरली होती. रुग्णाला मिठी मारली होती, मुका घेतला होता. विषाणू सापडला एका लहान मुलात, आणि त्याला तो बहुधा जन्माच्या वेळी आईकडूनच मिळाला होता. बाकीचे शंभर जण निर्धोक होते.

कारणही आज आपल्याला स्पष्ट माहीत आहे. हा विषाणू ज्या पांढऱ्या पेशींत वाढतो, त्या शरीराच्या आत असतात. म्हणून तो रक्तातून, शरीरसंबंधातून, तसेच आईकडून बाळाला गर्भात, जन्मताना किंवा दुधातून जातो. हस्तांदोलन, खोकला, घाम, डबा, बाक, शौचकूप किंवा डास यांतून तो पसरत नाही. उलट, खरा धोका होता तो रायनलाच. त्याची प्रतिकारशक्ती खालावलेली. वर्गातल्या एखाद्याची साधी सर्दीसुद्धा त्याला रुग्णालयात पोचवू शकली असती.

रायन परतला, पण काही अटींवर. त्याचे शौचालय वेगळे. जेवायला वापरून फेकून द्यायच्या ताटल्या आणि चमचे. व्यायामाच्या तासाला बंदी. भित्र्या लोकांचे समाधान व्हावे म्हणून ही तडजोड झाली. माझ्या मते ती सर्वांत मोठी चूक होती. फळ्यावर शिक्षकांनी काहीही लिहिले, तरी रोज दुपारी ती वेगळी ताटली मुलांना सांगत होती की, हा मुलगा धोक्याचा आहे. मुले फळ्यापेक्षा ताटलीवर लवकर विश्वास ठेवतात. पुढे रायनच्या घराच्या खिडकीतून कोणीतरी गोळी झाडली, आणि कुटुंबाने गाव सोडले.

आता दुसरी शाळा पाहा. राज्य तेच, मुलगा तोच, रोगही तोच. १९८७ साली हे कुटुंब सिसेरो या गावी आले. तिथल्या मुख्याध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी रायनची वाट न पाहता आधीच तयारी केली. जाणकारांना बोलावून मुलांना एड्सची माहिती दिली. मनातले भय मोकळेपणाने विचारू दिले. मुलांनी ती माहिती घरी नेऊन आईवडिलांना सांगितली. ३१ ऑगस्ट १९८७ रोजी रायन शाळेत आला, तेव्हा मुख्याध्यापकांनी आणि मुलांनी त्याच्याशी हस्तांदोलन केले. दुसऱ्या गावची माणसे जन्मतःच अधिक दयाळू होती, असे मला वाटत नाही. त्यांना योग्य माहिती वेळेवर मिळाली होती, एवढाच फरक.

८ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, रायन वारला. सहा महिन्यांच्या ठिकाणी तो पाच वर्षांहून अधिक जगला. त्याच वर्षी अमेरिकेत एड्सच्या रुग्णांच्या उपचारासाठी त्याच्या नावाचा कायदा झाला.

एक गोष्ट मात्र विसरू नये. रायनला अनेकांनी "निरपराध बळी" म्हटले. हे ऐकायला बरे वाटते, पण त्यात बाकीचे रुग्ण अपराधी ठरतात. विषाणू कोणाचे चारित्र्य तपासून शरीरात शिरत नाही. "तुला हा रोग कसा झाला?" हा प्रश्न डॉक्टरांनी उपचारासाठी विचारावा, बाकावरच्या सोबत्याने नव्हे.

ही कहाणी परदेशची आणि जुनी म्हणून बाजूला ठेवाल, तर थांबा. २०१४ साली दक्षिण गोव्यात, एचआयव्हीच्या कारणावरून अनाथाश्रमातील तेरा मुलांना पालकांच्या विरोधामुळे एका शाळेबाहेर ठेवण्यात आले. रायनच्या प्रकरणाला तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती! आणि या काळात औषधे किती सुधारली होती! भारतात २००४ पासून सरकारी केंद्रांत ती मोफत मिळतात. ती नियमित घेणारे मूल आज शिकते, खेळते, मोठे होऊन संसारही करते. भारताचा २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्हीच्या कारणावरून शाळेत भेदभाव करण्यास त्याने बंदी केली आहे.

शिक्षक विचारतील, "खेळताना मूल पडले आणि रक्त आले तर? कोणाला हा आजार आहे, हे आम्हाला कळायला नको का?" नको. कारण आपल्याला हा विषाणू आहे, हे पुष्कळांना स्वतःलाही ठाऊक नसते. म्हणून नियम सर्वांसाठी एकच हवा: कोणाचेही रक्त असो, हातमोजे घालावेत, जखम बांधावी, सांडलेले रक्त जंतुनाशकाने पुसावे. प्रथमोपचाराच्या पेटीत हातमोज्यांचा एक जोड असला, म्हणजे कोणाचे गुपित उघड करण्याची गरजच राहत नाही.

हा विषाणू कसा पसरतो, हा प्रश्न परीक्षेत आला तर तुम्ही पैकीच्या पैकी गुण मिळवाल. पण खरी परीक्षा वेगळीच आहे. उद्या वर्गात एखाद्या मुलाविषयी कुजबुज सुरू होईल, बाकावर त्याच्याशेजारची जागा रिकामी राहील. तेव्हा तुम्ही दप्तर उचलून त्या जागेवर जाऊन बसाल का? बसलात, तर विज्ञान तुम्हाला समजले असे मी म्हणेन.