कोच नवा, डिफेन्स जुना

कोच नवा आला की तीन मॅचमध्ये आपला निकाल तयार असतो. दोन गोल खाल्ले की 'हा काय डिफेन्स आहे?', क्लीन शीट मिळाली की 'बघ, कोचने काय टीम बांधलीय!' अंधेरीच्या स्टँडमध्ये हेच ऐकू येतं आणि कॉलेजच्या ग्राउंडवरही. कॉलेजमध्ये तर जास्तच, कारण आपल्या बऱ्याच स्पर्धा बाद पद्धतीच्या. एक मॅच हरलात की सीझन खल्लास, आणि कॅन्टीनमध्ये खापर फुटतं ते गोलकीपर आणि स्टॉपरच्या डोक्यावर.

पण नुसते खाल्लेले गोल मोजून डिफेन्सची पारख होत नाही. कोच नवा असताना तर नाहीच.

आपल्या मुंबई सिटीचंच बघा. डेस बकिंगहॅम ऑक्सफर्ड युनायटेडला गेले आणि डिसेंबर २०२३ मध्ये पीटर क्रॅटकी आले. १५ एप्रिल २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध लीग शील्डसाठी नुसती बरोबरी पुरली असती. टीम १-२ हरली. ४ मे रोजी त्याच मैदानावर, त्याच मोहन बागानला ३-१ हरवून कप आणला. कोच तोच, डिफेन्सही जवळपास तोच, मध्ये फक्त १९ दिवस. मग डिफेन्स चांगला की वाईट? मधल्या सेमीफायनलमध्ये फातोर्ड्याला गोव्याविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-२ मागे होतो आणि ३-२ जिंकलो. तिथे आधी दोन गोल खाल्ले होते, हे आज कोण आठवतं?

आणि त्या कपातला किती वाटा क्रॅटकींचा? बकिंगहॅम आणि ते, दोघेही मेलबर्न सिटीत असिस्टंट होते, म्हणजे एकाच घराण्यातले. बॉल आपल्याकडे ठेवायचा, डिफेन्सची लाइन वर ठेवायची, हा रियाज आधीपासूनचाच.

खरी परीक्षा पुढच्या सीझनला होती. कॅप्टन राहुल भेके, आपला मुंबईचा पोरगा, बेंगळुरूला गेला. नोगेरा आणि परेरा डियाझही तिकडेच. अपुइया मोहन बागानला. आपण भेके गेल्याचं बोललो, पण माझ्या मते मोठं भगदाड अपुइयाच्या जागी पडलं. मिडफिल्डमधला तो बांध फुटला की पाणी थेट स्टॉपरच्या अंगावर येतं, आणि टीव्हीवर दिसतो तो फक्त धावत मागे पडलेला स्टॉपर. टीम सहावी आली आणि २९ मार्च २०२५ ला प्ले-ऑफमध्ये त्याच बेंगळुरूने ५-० धुतलं. इथे मात्र मी कोचला सोडणार नाही. माणसं गेली हे खरं, पण नवी घडी बसवायला अख्खा सीझन हातात होता.

मग बघायचं काय? पुढच्या वेळी घाटकोपरहून मेट्रोने आझादनगरला उतरून मॅचला गेलात, तर दहा मिनिटं बॉल बघूच नका. मागचे चौघे आणि मिडफिल्ड यांच्यातलं अंतर बघा. आपल्या विंगरचा बॉल गेला की पुढची पाच सेकंदं कोण धावतं आणि कोण कमरेवर हात ठेवून उभं राहतं, ते बघा. कॉर्नरला प्रत्येकाला आपली जागा माहितीय की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतायत? (हे दुसरं कॉलेज फुटबॉलमध्ये हमखास दिसतं.) नवा कोच लाइन वर ढकलतो तेव्हा सुरुवातीला मागे टाकलेल्या एका लांब पासवर येडचाप वाटणारे गोल बसतातच. चौघांपैकी एकजण जुन्या सवयीने दोन पावलं मागे राहतो, ऑफसाइड फसतो आणि शिव्या बसतात कीपरला. तोच गोल दहाव्या मॅचलाही तसाच बसत असेल, तर मग कोचला विचारा.

आपल्या कॉलेजच्या कोचला दहा मॅच मिळतात कुठे? आठवड्यात दोन प्रॅक्टिस, त्यात निम्मी पोरं सबमिशन किंवा क्लासच्या नावाखाली गायब, बोरिवलीहून येणारा लेफ्ट बॅक रोज लेट. अशा टीमचा डिफेन्स बाद फेरीतल्या एका मॅचवरून भंगार ठरवण्याआधी प्रॅक्टिसला मागचे चौघे एकत्र किती दिवस उभे राहिले, तेवढं एकदा कॅप्टनला विचारून घ्या.