पन्नाशीतलं स्केटिंग हा म्हातारचळ नव्हे

संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा जवळच्या मैदानावर मुलांचा स्केटिंगचा क्लास चालतो, तिथल्या कट्ट्याकडे एकदा नीट पाहा. मुलं तासभर पडतात, उठतात, पुन्हा पळतात आणि त्यांना घेऊन आलेले आईबाबा, आजीआजोबा तोच तासभर मोबाईलमध्ये मान घालून बसतात. त्यांच्यातल्या एखादीने "मलाही शिकवाल का?" असं विचारलंच, तर सर हसतात. घरी सांगितलं तर ऐकावं लागतं, "हे काय वय आहे? पडलीस-झडलीस तर कोण करणार तुझं?" आणि हाच प्रश्न घेऊन ती डॉक्टरकडे गेली, तर आमच्यातलेही बरेच जण म्हणतात, "कशाला नसतं धाडस? चाला की रोज अर्धा तास."

चालण्याला माझा विरोध नाही. हृदयाला, साखरेला, मनाला चालणं उत्तमच. पण सपाट रस्त्यावर चालताना तोल सांभाळण्याच्या यंत्रणेला फारसं काही करावं लागत नाही. ही यंत्रणा तीन ठिकाणांहून माहिती घेते: डोळे, आतला कान, आणि पायांचे स्नायू व सांधे. मेंदू ती क्षणोक्षणी जुळवून स्नायूंना हुकूम देतो. वापर कमी झाला की हे काम मंदावतं. पडू नये म्हणून आपण जपून वागतो, त्यामुळे पाय अशक्त होतात, तोल बिघडतो आणि पडण्याची शक्यता आणखी वाढते. पडण्याच्या भीतीने घरात बसलेला माणूस शेवटी मोरीतल्या ओल्या फरशीवर नाहीतर पायपुसण्यात पाय अडकून पडतो.

2019 साली कॉक्रेनने शंभरहून अधिक चाचण्या एकत्र करून पाहिल्या. व्यायामाने ज्येष्ठांचं पडणं साधारण 23 टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यात भक्कम पुरावा तोल सांभाळण्याच्या व्यायामांचा होता. नुसत्या चालण्याबद्दल तसं ठामपणे म्हणता आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही 65 वर्षांवरच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते. हे अभ्यास स्केटिंगचे नव्हेत, हे खरं. पण चाकांवर उभं राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन नेणं हा तोलाचाच व्यायाम आहे, आणि तो आवडला तर माणूस आपणहून रोज करतो. व्यायामाच्या कागदी तक्त्याचं आयुष्य किती असतं, हे मी ओपीडीत रोज पाहतो.

आता "हाड मोडेल" या आक्षेपाकडे येऊ, कारण तो खोटा नाही. पडताना आपण नकळत हात पुढे टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. यातून होणाऱ्या फ्रॅक्चरचं वर्णन अब्राहम कॉलिस या आयरिश सर्जनने 1814 मध्ये केलं, म्हणून त्याला कॉलीज फ्रॅक्चर म्हणतात. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते, त्यामुळे बायकांमध्ये ते जास्त दिसतं. पण यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. इनलाइन स्केटिंग करणाऱ्यांवरचा एक अमेरिकी अभ्यास 1996 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. त्यात रिस्ट गार्ड न घालणाऱ्यांमध्ये मनगटाच्या दुखापतीची शक्यता सुमारे दहापट आढळली. रिस्ट गार्डच्या तळहाताकडच्या बाजूला टणक पट्टी असते. तिच्यामुळे हात जमिनीवर रुतण्याऐवजी घसरतो. तरीही लोक महागडे स्केट्स घेतात आणि गार्डवर पैसे वाचवतात! मग दोष वयाला.

हेल्मेट, रिस्ट गार्ड, नी-पॅड, एल्बो-पॅड हे सगळं घालूनच स्केट्सच्या लेस बांधा. ओढणी नको. पहिले काही दिवस गवतावर किंवा जाड सतरंजीवर नुसतं उभं राहा. गुडघे वाकलेले, हात पुढे, नजर समोर. ताठ उभं राहिलात की माणूस मागे पडतो आणि डोकं व माकडहाड सापडतं. तोल गेलाच तर आणखी खाली वाका आणि पुढे, नी-पॅडवर पडा. हे पडणं मुद्दाम शिकायचं असतं. पहिल्या दिवशी सरांनी तेच शिकवलं नाही, तर दुसरे सर शोधा.

सुरुवातीआधी एक छोटी परीक्षा घ्या. भिंतीजवळ, कुणीतरी सोबत असताना, एका पायावर 10 सेकंद उभं राहून पाहा. 51 ते 75 वयाच्या 1702 लोकांवरचा ब्राझीलमधला अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या साधारण पाचांपैकी एकाला हे जमलं नाही, आणि पुढच्या काही वर्षांत त्या गटात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. याचा अर्थ एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असा नाही. पण तोल हा तब्येतीचा आरसा आहे खरा. जमलं नाही, तर आधी काही आठवडे जमिनीवर तोलाचे व्यायाम करा, चाकं नंतर.

आणि काही जणांना मी स्पष्ट नाही म्हणेन. साध्या पडण्याने पूर्वी हाड मोडलंय, डेक्सा तपासणीत ऑस्टिओपोरोसिस निघालाय, रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत, चक्कर येते, मधुमेहाने तळपायांची संवेदना गेली आहे, अशांनी हा नाद सोडावा. मोतीबिंदू असेल तर आधी ऑपरेशन करून घ्या. बाकीच्यांनी आपल्या डॉक्टरांना "मी स्केटिंग करू का?" असं मोघम विचारू नये. "मी का करू नये, ते सांगा," असं विचारा. नेमकं कारण मिळालं तर ते ऐका. "वय झालं" हे कारण नाही.

क्लासवाले सर "मोठ्यांची बॅच नसते" म्हणाले, तर कट्ट्यावरच्या आणखी चौघांना विचारून पाहा. पाच जणांची फी जमली की सकाळी सहाची वेळ बहुधा निघते, आणि त्या वेळी बघायलाही कोणी नसतं.