दर्यावरचं ग्रंथालय



पेरण्या उरकल्या, पावसाची झड लागली, की घरात बसून दिवस सरता सरत नाही. पोरं जुनं वर्तमानपत्र चारदा उलटतात. अशा वेळी वाटतं, घरात एखादं पुस्तक असतं तर! मग ज्यांच्या चहूकडं कित्येक आठवडे नुसतं पाणीच, त्यांचं कसं होत असेल?

अमेरिकेत न्यूयॉर्कला फोर्ट स्कायलर नावाचा दगडी किल्ला आहे. तिथं बोटीवरचे अधिकारी घडवणारं कॉलेज आहे. १८७४ साली ते 'सेंट मेरीज' या शिडाच्या जहाजावर सुरू झालं. आजही तिथली पोरं उन्हाळ्यात शिक्षणासाठी दर्यावर जातात. त्यांचं 'एम्पायर स्टेट' जहाज, त्या नावाचं सातवं, २०२३ साली तयार झालं. लांबी ५२५ फूट, सोय ६०० विद्यार्थ्यांची. अशा सफरींवर कॉलेजचे ग्रंथपालही गेले आहेत.

तुम्ही म्हणाल, बोटीवर ग्रंथपालाचं काय काम? अहो, ही पोरं सहलीला निघालेली नसतात. कधी पहारा, कधी यंत्रांची डागडुजी, कधी वर्ग. पुढं सरकारी परीक्षा. ती पास झाल्याशिवाय अधिकारी होता येत नाही. नकाशा, तारे, इंजिन, सगळ्याचा अभ्यास हवा. आणि किनारा सुटला की मागं राहिलेलं पुस्तक आणायला कोण जाणार? वारीला निघताना आपण शिदोरी बांधतो, तशी ग्रंथपालाला पुस्तकांची शिदोरी आधीच बांधावी लागते. फळीला पुढून आडवी पट्टीही हवी, नाहीतर लाटेसरशी सगळी पुस्तकं खाली! शिवाय चार कथा-कादंबऱ्या हव्यातच. पहिल्यांदा घर सोडलेल्या पोराला रात्री आईची आठवण आली, तर इंजिनाचं पुस्तक काय धीर देणार?

आपल्याकडंही मुंबईत १९२७ साली 'डफरिन' हे शिक्षण-जहाज सुरू झालं. १९७२ साली त्याची जागा 'राजेंद्र'नं घेतली. १९९३ पासून ते शिक्षण नवी मुंबईत, जमिनीवरच्या 'चाणक्य' संस्थेत मिळतं.

आणखी एक सांगतो. अमेरिकेत १९२१ साली एक संस्था निघाली. लोकांनी वाचून झालेली पुस्तकं द्यायची आणि तिनं ती गोळा करून व्यापारी बोटींवर पाठवायची. ज्यांचं तोंडही कधी दिसणार नाही, अशा खलाशांसाठी लोकांनी पुस्तकं दिली.

आता आपल्या गावाकडं बघा. ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ साली झाला. तुमच्या गावातल्या वाचनालयाचं कुलूप रोज उघडतं का? तिथून आणलेलं पुस्तक तुमच्या फडताळात वर्षभर पडून तर नाही ना? बोटीवरचं पुस्तक जाऊन जाऊन जाणार कुठं? आपल्याकडं मात्र एका घरात अडकलं, की दहा घरांची पोरं उपाशी राहतात.

तेव्हा मंडळी, येत्या बाजाराच्या दिवशी ते पुस्तक परत करा. जाताना घरच्या लेकीलाही बरोबर न्या. तिला हवं ते तिचं तिला निवडू द्या.