घरातल्या झाडाला कात्री लावायला कशाला घाबरायचं?

पालघर आणि बोईसरच्या नव्या इमारतींमध्ये गेल्या काही वर्षांत एक बदल सहज दिसतो. पूर्वी गॅलरीत तुळस, कोरफड, फार तर गुलाबाची एखादी कुंडी असायची. आता हॉलमध्ये रबर प्लांट, मॉन्स्टेरा, अरेका पाम असतात. नर्सरीतून आणताना ते दीड-दोन फुटांचे असतात. दोन पावसाळे गेले की रबर प्लांट छताला टेकतो, मॉन्स्टेराची पानं टीव्हीवर येतात आणि घरातली माणसं अंग चोरून चालू लागतात. तरीही कापायचं म्हटलं की हात मागे येतो.

घरात आणलेलं झाड किती मोठं होऊ द्यायचं हे आपण ठरवायला हवं आणि ठरवलं की निःसंकोच छाटायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. छाटणीत क्रूरपणा नाही. उलट न छाटल्यामुळेच शेवटी बहुतेक झाडांचे हाल होतात.

या झाडांबद्दलचा बराचसा सल्ला थंड देशांतून येतो. तिथे प्रश्न असतो तो झाड जगवायचं कसं याचा. हीटरची कोरडी हवा, हिवाळ्यातला अपुरा उजेड, महिनोन्महिने थांबलेली वाढ. आपण मुळात उष्ण कटिबंधातच राहतो. समुद्र जवळ, हवा दमट, जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि थंडी म्हणायला महिना-दोन महिने. इथे प्रश्न असतो तो झाड आवरायचं कसं याचा.

आपल्या घरात छोटी दिसणारी ही झाडं मुळात छोटी नाहीतच. रबर प्लांट हा वड-पिंपळाचा भाऊबंद. मेघालयातले मुळांचे जिवंत पूल याच झाडाच्या मुळांपासून घडवलेले आहेत. मॉन्स्टेरा मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातल्या जंगलात मोठ्या झाडांवर चढणारा वेल आहे. आणि मनी प्लांटची खरी ताकद बघायला तर जंगलातही जायला नको. केळवे-माहीमच्या एखाद्या वाडीत माडावर किंवा आंब्यावर चढलेला मनी प्लांट बघा. घरच्या बाटलीत ज्याचं पान तळहाताएवढं असतं, त्याचंच तिथे ताटाएवढं होतं आणि कडेने फाटतं. वेल तोच. वर चढायला आधार, भरपूर उजेड आणि मुळांना मोकळी जागा मिळाली की पान मोठं होतं. आधार काढला, वेल खाली लोंबकळत ठेवला की पुढची पानं लहान येतात. म्हणजे झाडाचा आकार बराचसा आपल्याच हातात असतो.

मग माणसं का कापत नाहीत? मला तीन कारणं ऐकू येतात.

पहिलं कारण हवेचं. बोईसरमध्ये ते जास्तच ऐकू येतं आणि त्यामागची भीती खोटी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक वसाहत ९३.६९ गुणांसह देशात सगळ्यात वर होती. रात्री खिडकी उघडली की नाकाला कळतं. अशा ठिकाणी ‘जितकं मोठं झाड तितकी स्वच्छ हवा’ हा हिशेब मनाला पटतो. पण तो हिशेब चुकीचा आहे. या समजुतीचं मूळ नासाच्या १९८९ च्या एका अभ्यासात आहे. तो अभ्यास छोट्या बंद पेट्यांमध्ये झाला होता. माणसांच्या घराला दारं-खिडक्या असतात. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक अभ्यासांची पुन्हा मांडणी केली. खेळती हवा जेवढं काम करते तेवढं झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यातून निघालं. वन रूम किचनमध्ये मग माणसाने कुठे बसायचं?

रबर प्लांट सात फुटांचा ठेवला काय नि तीन फुटांचा ठेवला काय, घरातल्या हवेत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. मला यात एक धोकाही दिसतो. हवेची जबाबदारी कुंडीतल्या झाडावर टाकली की ती ज्यांची आहे त्यांना विचारायचं राहून जातं. झाड डोळ्यांना बरं वाटतं म्हणून ठेवा. हवेचा जाब मात्र चिमणीखालच्यांना आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांना विचारा.

दुसरं कारण श्रद्धेचं म्हणा, मायेचं म्हणा. आमच्या मजल्यावरच्या भाभींनी मला एकदा हटकलं होतं, “भाई, वाढतंय तर वाढू द्या ना, बरकत असते ती.” त्यांच्या मायेबद्दल मला आदर आहे. पण याच जिल्ह्यात विक्रमगड-जव्हारकडे मोगऱ्याच्या शेतात जाऊन विचारा. मोगरा छाटल्याशिवाय नवी फूट नाही आणि नवी फूट नाही तर कळी नाही. घोलवड-डहाणूच्या चिकूवाडीतही जुन्या झाडांच्या फांद्या एकमेकांत घुसल्या की आत ऊन जात नाही आणि फळ कमी होतं. तिथला शेतकरी फांदी कापतो तेव्हा त्याला कोणी निर्दय म्हणत नाही. फांदीवर कोयता चालवणारा हा माणूस झाडावर आपल्यापेक्षा जास्तच जीव लावतो.

तिसरं कारण पैशाचं. हजार रुपयांचं झाड, कापून टाकायचं? पण कापलेलं वाया जातच नाही. मॉन्स्टेरा किंवा मनी प्लांट पानाजवळच्या गाठीच्या खाली कापला की तो तुकडा पाण्यात मुळं धरतो. एकाची दोन झाडं होतात. रबर प्लांटला गुटी कलम बांधता येतं. खोडाची बोटभर रुंदीची साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं, वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. साधारण महिना-दीड महिन्यात मुळं दिसली की त्याखाली कापून नवी कुंडी भरायची. खालच्या खोडाला बाजूने नवे फुटवे येतात आणि उंच काठी झालेलं झाड डेरेदार होतं. शेंडा बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवत असतो. तो गेला की ते जागे होतात.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. पामचा शेंडा कधीही मारू नका. माडाचा शेंडा गेला की माड मरतो हे आपल्या किनाऱ्यावर लहान मुलालाही माहीत असतं. अरेका पामची तीच गत. त्याची जुनी, उंच खोडं बुंध्यापासून काढा किंवा पुंजका विभागून दोन कुंड्यांत लावा.

मी आमचा रबर प्लांट खिडकीच्या कठड्याच्या वर जाऊ देत नाही. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की छाटतो, एप्रिल-मेच्या उन्हात नाही. कापल्यावर पांढरा चीक येतो, तो अंगाला लागू देत नाही. ओल्या फडक्याने टिपला की थांबतो. दर वर्षी मोठी कुंडी देत नाही, कारण मोठी कुंडी म्हणजे मोठं झाड. दोन वर्षांनी झाड बाहेर काढून कडेची साधारण पाव हिस्सा मुळं कापतो, नवी माती घालतो आणि त्याच कुंडीत परत लावून पंधरा दिवस सावलीत ठेवतो. युरिया अजिबात नाही. मॉन्स्टेराची छाटणी लहान मुलं जवळ नसताना करावी, कारण त्याचं पान चावलं तर तोंडाची आग होते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते सांगतो. बोईसरमध्ये राहणारी कितीतरी माणसं एमआयडीसीत नोकरी करणारी, भाड्याने राहणारी आहेत. अकरा महिन्यांचा करार संपतो, घर बदलावं लागतं, टेम्पो ठरतो. गाद्या, कपाट, सिलिंडर चढतात. सात फुटांचं झाड चढत नाही. ते इमारतीच्या गच्चीवर किंवा कचऱ्याच्या डब्याशेजारी राहतं आणि मे महिन्यात वाळून जातं. काही जण मोकळ्या प्लॉटवर किंवा कुंपणाच्या भिंतीलगत नेऊन लावतात. तिथे रबराची मुळं भिंतीत आणि गटारात शिरतात आणि मनी प्लांट दिसेल त्या झाडावर चढून त्याला झाकून टाकतो. ज्याला छाटायला जीव धजावला नाही, ते झाड असं संपतं किंवा दुसऱ्याच्या डोक्याचा ताप होतं. तीन फुटांचं असतं तर मांडीवर घेऊन नव्या घरी गेलं असतं.

नर्सरीत गेलात की ‘हे पूर्ण वाढल्यावर केवढं होतं?’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारा. आणि घरात आधीच एखादं झाड छताला टेकलं असेल तर या जूनची वाट बघा. दोन-तीन पाऊस पडू द्या, कात्रीला धार लावा आणि कापलेला तुकडा मुळं धरली की शेजारच्या घरी द्या.